डोळ्यांची आखणी

"ह्या काय बांधतंस गो?"

बाबांचा आवाज मागून आला तेव्हा मी राऊळांच्या गणपतीपुढे उकिडवी बसून त्याच्या पाटाला लाल चिंधी बांधत होते. गाठ अर्धीच राहिली.

"खूण."

"देवाक खूण? धनगर मेंढ्यांका करतत तशी?"

"देवाक नाय, पाटाक." मी मान वर केली नाही. "लाल म्हणजे आज पुरो करूचो. पिवळी चिंधी म्हणजे उद्या. हिरवी म्हणजे झालो."

"आणि मी काय आंधळो झालंय? कोणाचा काय रवला ता माका दिसना नाय?"

"तुमका दिसता. गिऱ्हाइकांका कळाक नको? येतत आणि 'आमचो झालो काय' म्हणून विचारीत बसतत."

हे खोटं होतं. बाबांनी ते खरं मानलं, किंवा तसं दाखवलं, आणि कुंचला धुवायला निघून गेले.

कुडाळच्या बाजूला मूर्ती घडवायच्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात. प्रत्येक घर आपला लाकडी पाट आधी शाळेत आणून देतं. मूर्ती त्या पाटावरच घडते आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसून घरी जाते. पाट मेस्त्रींकडे असणं म्हणजे त्या घराचा मेस्त्रींवर विश्वास असणं. एकदा पाट दुसऱ्या शाळेत गेला की तो परत येत नाही.

आई फाल्गुनात गेली होती आणि तिच्याशिवायची ही पहिली चतुर्थी होती. खरं तर आईचं शाळेत असं काही काम नसायचं. ती सकाळी झाडलोट करायची, माती मळायला हात लावायची, आल्यागेल्याला चहा द्यायची. तरीही लोक यंदा पाट ठेवताना घुटमळत होते. "जमतला मा मेस्त्रीनू?" असं विचारत होते. शेजारच्या वाडीतल्या दोन घरांनी पाट फिरवल्याचं कानावर आलं, त्या दुपारी बाबा जेवले नाहीत.

मी पुण्याहून आले होते ती मदतीला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. पुण्यात मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची. ती नोकरी मे महिन्यात सुटली होती. अख्खं पुस्तक छापखान्याकडे जायचं थांबलेलं असताना मी आठवडाभर एकाच धड्यातल्या तळटिपा नीट करत बसले होते. बाकीचं मला दिसत नव्हतं असं नाही. सगळंच दिसत होतं, सारखंच मोठं.

त्याच्या वर्षभर आधी एका डॉक्टरांनी मला त्याचं नाव सांगितलं होतं, एडीएचडी. "तुम्हाला लक्ष नाही असं नाही," ते म्हणाले होते, "ते सगळीकडे एकदम जातं. आधी काय, मग काय, हे मनात लागत नाही. तर ते डोळ्यांना दिसेल असं बाहेर मांडा." म्हणून मी स्वयंपाकघरात एक तार बांधली आणि तिच्यावर रंगीत चिमट्यांनी कामं अडकवू लागले. त्याचा उपयोग व्हायचा. पण कोणी येणार असलं की मी सगळे चिमटे काढून पिठाच्या डब्यामागे टाकायचे. पस्तिशीतल्या बाईने बालवाडीतल्यासारखं लाल-पिवळ्यावर दिवस काढावा, याची मला फार लाज वाटायची. घरी मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

शाळेतल्या चिंध्या माझ्यासाठी होत्या. मला मूर्तींना अंगाचा रंग द्यायचा होता आणि आत पाऊल टाकलं की कुठून सुरुवात करावी ते कळायचं नाही.

पण दोन-तीन दिवसांत एक गोष्ट मी पाहिली. आधी बाबा एका मुकुटाला सोनेरी लावता लावता उठायचे, दुसऱ्याच्या सोंडेवरची चीर लिंपायला घ्यायचे, मग तिसऱ्याचं पितांबर. दुपारपर्यंत पाच मूर्तींपुढे पाच कुंचले वाळत पडलेले असायचे. आई गेल्याने त्यांचं चित्त थाऱ्यावर नाही, असं सगळे म्हणत होते आणि मीही तेच धरून चालले होते. आता मात्र ते सकाळी आले की काही न बोलता लाल चिंधीपुढे बसायचे. ती मूर्ती झाली की स्वतःच चिंधी बदलून हिरवी बांधायचे. माझ्याकडे न बघता.

काम सरकू लागलं. हरतालिकेच्या दिवशी थोड्याच मूर्ती राहिल्या होत्या, आणि त्यांचंही बहुतेक फक्त डोळ्यांचं. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते. डोळ्यांत पांढरा रंग आधीच भरलेला असतो, त्यात काळ्याने बुबुळ आणि पापणीची रेघ काढतात. ते काम फक्त बाबांचं.

दुपारनंतर माणसं मूर्ती न्यायला येऊ लागली. एसटीतून निवृत्त झालेले बाळा धुरी दारातच थांबले.

"मेस्त्रीनू, हे लाल बावटे कित्याक? पुढे रस्तो बंद असा काय?"

"रस्तो बंद नाय," त्यांच्याबरोबरचा कोणीतरी म्हणाला, "म्हाताऱ्याक आता सिग्नल लागतत. वैनी गेली ना."

सगळे हसले. बाबाही हसले. मी चहा आणते म्हणून मागच्या दाराने घरात गेले.

चहा घेऊन परत आले तेव्हा एकाही पाटावर चिंधी नव्हती. लाल, पिवळ्या, हिरव्या सगळ्या मातीच्या घमेल्यात पडल्या होत्या आणि त्यांच्यावर पाणी ओतलेलं होतं. बाबा पाठ करून बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते. मी चहा वाटला. काय विचारणार? पुण्याच्या घरात मी तेच तर करत होते. चार माणसांसमोर पुन्हा चिंध्या बांधत बसायचं धाडस माझ्यातही नव्हतं.

त्यानंतर शाळेतल्या सगळ्या मूर्ती एकदमच हाका मारू लागल्या. माणसं वाढली. कोणाच्या उंदराचा कान तुटला, कोणाला पाट पुसून हवा होता, कोणी टाळ वाजवतच आत आलं. तेंडोलकरांची माणसं आली तेव्हा उजेड उतरू लागला होता. त्यांची मूर्ती आमच्या शाळेतली सगळ्यात मोठी. घरातले थोरले काशीकाका स्वतः आले होते, मुंबईहून आलेले भाऊही होते. विडा-नारळ झाला. मूर्ती नेताना तिचं तोंड कापडाने झाकायचं असतं आणि ते पूजेच्या वेळीच काढायचं असतं. बाबांनी कापड बांधलं. ते बांधता बांधता ते पलीकडे कोणाला तरी दाताची डागडुजी कशी करायची ते ओरडून सांगत होते. मी पाठमोरी होते, धुऱ्यांच्या उंदराचा कान चिकटवत होते. "गणपती बाप्पा..." असा गजर झाला आणि ती सगळी मंडळी बांधावरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा पाट गेला. बाबांनी हात धुतले आणि ते पायरीवर बसले.

"पार पडला गो," ते म्हणाले. आईनंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा वाटला.

तेवढ्यात तेंडोलकरांची सून, ऊर्मिलावहिनी, स्कूटरवरून आली. ती स्कूटरवरून उतरली नाही.

"मेस्त्रीनू, काकानी तुमका बोलवल्यानी. आताच. काळो रंग आणि कुंचलो घेऊन येवा." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "हेमांगी, तू पण ये."

काळा रंग म्हटल्यावर बाबा जागचे हलले नाहीत. मीच डबा उचलला.

तेंडोलकरांच्या घरात वीस-पंचवीस माणसं तरी असतील. वडे तळले जात होते, पोरं घंटा वाजवून बघत होती, कोणी दूर्वा निवडत होतं. गणपती चौरंगावर होता, वर माटवी बांधली होती, तिला रानातली फळं आणि पानं लोंबत होती. तोंडावरचं कापड तसंच होतं. काशीकाकांनी आम्हांला जवळ बोलावलं आणि कापडाचा एक कोपरा उचलला.

पांढऱ्या डोळ्यांत काहीच नव्हतं.

"अजून कोणाक दाखवूक नाय," काकांचा आवाज अगदी खाली होता. "मगाशी हार घालूक गेलंय, तेव्हा दिसला. आमच्या आईक कळला तर ती अंथरूण धरतली. भटजी येतीत आता. चाळीस वर्सा तुमचो गणपती हय बसता, मेस्त्रीनू. ह्या कोणाच्या हातसून रवला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते कापडाकडे बघत होते.

"माझ्या चेडवाच्या," ते म्हणाले. "ह्या एकाची आखणी तिच्याकडे दिलेलंय. तिचा लक्ष नसता. लहानपणापासून तसाच."

मी आयुष्यात एकही डोळा आखला नव्हता. पण त्यांचं शेवटचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, बाईंकडून, मावश्यांकडून, साहेबांकडून, की माझी मान सवयीनेच खाली गेली. आणि ते खरंही होतं, किती खरं ते बाबांना ठाऊक नव्हतं.

"चुकला काका," मी म्हटलं.

"शिकलेली मा तू?" काशीकाका म्हणाले. "पुण्यात पुस्तकातले चुको काढतंस म्हणतत. आणि देवाचे डोळे नाय दिसले?"

वहिनी दुसरीकडे बघू लागली.

बाबा चौरंगापुढे बसले. कापड त्यांनी कपाळावर सरकवलं, आपली पाठ माणसांकडे केली, कुंचला काळ्यात बुडवला. मागे कोणीतरी समई पुसत होतं, त्यांनी तिकडे बघितलं. पुन्हा मूर्तीकडे वळले, तर सोंडेवरचा सोनेरी ठिपका त्यांना पुसट वाटला. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला. स्वयंपाकघरात झारा पडला, तिकडे मान गेली. वर माटवीतलं एक पान हलत होतं, ते बघितलं. कुंचल्याचं टोक वाळलं. पुन्हा बुडवला. या वेळी थेंब सांडला. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते मनापासून, जीव तोडून त्या डोळ्यांकडे बघायचा प्रयत्न करत होते. बघता येत नव्हतं.

मी त्यांच्याकडे बघत उभी होते. हे दुःखाने झालेलं नव्हतं. ही मान, हे वळणं, हा वाळलेला कुंचला मी आतून ओळखत होते. पुण्यातल्या टेबलाशी बसलेली मीच तिथे चौरंगापुढे बसले होते, सत्तरीची आणि घामाघूम.

"वैनी, एक धुवट साडी दी," मी म्हटलं.

"साडी? कित्याक?"

"दी आधी."

तिने आतून नऊवारी आणली. एक टोक तिच्या हातात दिलं, एक मी धरलं आणि बाबा नि मूर्ती दोघांना वेढून आम्ही ती वरपर्यंत उभी धरली. आत फक्त ते आणि ते तोंड राहिलं. पोरं धावत आली.

"काय चल्ला हा? आमका बघूचा हा!"

"शेवटचो हात कोणी बघूचो नसता," मी म्हटलं. "गप रवा सगळ्यांनी."

"असा काय असता?" काशीकाका म्हणाले. "चाळीस वर्सात आयकाक नाय."

"असता," साडीच्या आतून बाबा म्हणाले.

घर शांत झालं. साडीचं सूत पातळ होतं, त्यातून बाबांची पाठ दिसत होती. ती आधी ताठ होती, मग हळूहळू सैल झाली. हात एकदाही मागे आला नाही. माझे दंड भरून आले तेव्हा आतून आवाज आला, "झाला." साडी खाली घेतली तर गणपती जरा खाली बघत होता, आमच्या शाळेतले सगळे बघतात तसा. भटजी घरापुढच्या खळ्यात चपला काढत होते.

आम्ही चहाला थांबलो नाही. कोणी थांबा म्हटलंही नाही.

शेताच्या बांधावरून बाबा पुढे चालत होते, मी मागे. बरंच अंतर गेल्यावर ते न वळता बोलू लागले.

"तुझी आई रोज सकाळी शाळेत जाऊन सगळे गणपती फिरवून ठेवायची. सगळ्यांची तोंडा भिंतीकडे. एकाचाच माझ्याकडे."

"कित्या?"

"म्हणायची, उजेडान रंग उडता."

"तुमका खरा वाटायचा?"

"दोन दिवसांत उजेड काय रंग उडवतलो?" ते थोडं हसले. "तिका म्हायत होता, माका म्हायत आसा म्हणून. पण ती कधी बोलाक नाय, मीव बोलाक नाय. जो माझ्याकडे बघी, त्याचा काम मी करी. तितक्याच."

मी थांबले. ते पुढे जात राहिले.

"बाबा."

"काय?"

"माका पण तसाच होता. पुण्याच्या डॉक्टरान सांगल्यान. त्याका नाव आसा. नोकरी सुटली ती त्याच्यामुळेच. ते चिंधये गिऱ्हाइकांसाठी नाय होते, माझ्यासाठी होते."

हे सगळं मी त्यांच्या पाठीला सांगितलं. समोरून सांगता आलं नसतं. मला वाटलं, ते नाव विचारतील, किंवा त्यावर औषध काय ते विचारतील.

"माझ्याकडसून इला तुझ्यात," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता. मग वळले. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. "आणि मी त्या घरात तुझा नाव घेतलंय."

"जाव दे बाबा."

"तू गप कित्या रवलंस?"

"चार माणसां होती."

त्यांनी रंगाचा डबा माझ्या हातात दिला. "हय थांब," म्हणाले आणि आल्या वाटेने परत निघाले.

मी थांबले नाही. मागोमाग गेले, पण तेंडोलकरांच्या खळ्याच्या कडेलाच उभी राहिले. आरती सुरू झाली होती. टाळ, घंटा, वीस-पंचवीस गळे, पोरांच्या किंकाळ्या. दारातून मला आतलं दिसत होतं. बाबा माणसांतून वाट काढत काशीकाकांपर्यंत पोचले. काका डोळे मिटून टाळ वाजवत होते. बाबांनी त्यांच्या दंडाला हात लावला, कानाशी तोंड नेलं आणि बोलू लागले. बोलताना त्यांनी एकदा आपल्या छातीवर हात ठेवला. काकांनी आरती न थांबवता मान हलवली, एकदा, दोनदा. मग हसून आपल्या हातातले टाळ बाबांच्या हातात दिले आणि स्वतः टाळ्या वाजवू लागले. बाबांनी ती आरती पूर्ण होईपर्यंत टाळ वाजवले.

ते बाहेर आले तेव्हा हलके दिसत होते.

"सांगलंय," ते म्हणाले. "चूक माझी, चेडवाची नाय."

"काय म्हणाले?"

"काय म्हणतले? टाळ दिल्यानी माझ्या हातात. मोठो माणूस."

त्या गोंगाटात काकांना एक शब्द तरी ऐकू गेला असेल का, असं मी विचारू शकले असते. विचारलं नाही.

तेंडोलकरांचा पाट पुढच्या वर्षीही आला, आणि त्याच्या पुढच्याही. दर वर्षी तो दारात टेकला की बाबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "बघ, खरा सांगला म्हणून पाट येता." मी दर हंगामात घरी यायचे. सकाळी त्यांच्या आधी शाळेत जायचे, एक मूर्ती सोडून बाकीच्या फिरवून ठेवायचे. गावात मात्र गोष्ट पसरलीच होती, आणि देवाचे डोळे राहिले ते हेमांगीच्या हातून, हे कायम झालं होतं. दुकानात, लग्नात कोणी ना कोणी तो विषय काढायचं. मला लाज वाटायची. दर वेळी तितकीच वाटायची, चूक माझी नव्हती हे ठाऊक असूनही. बाबांच्या कानावर तो विषय जाऊ नये, एवढीच खबरदारी मी घेतली.

यंदा वैशाखात बाबा गेले. तिसऱ्या दिवशी काशीकाका काठी टेकत आले, ओसरीवर बसले. आणखीही माणसं होती. मग काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हाताऱ्याचा मन केवढा, बघा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हिच्या हातसून एकदा आमच्या गणपतीचे डोळे रवले. तर तो परत इलो, भर आरतीत, माझ्या कानाशी कायतरी बोललो. माका आयकाक नाय इला. पण तेका काय म्हणूचा होता, ता माका कळला. पोरीक माफ करा, म्हणी होतो. होय मा गो?"

ओसरीवरची सगळी माझ्याकडे बघत होती.

"होय काका," मी म्हटलं.